वळणारी चाके आणि ढकलणारी चाके : शीव कोळीवाड्यातील एक संवाद

मोटारीच्या इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना द्यायची की मागच्या, हा निर्णय कारखान्यात होत असला, तरी त्याचा परिणाम चालकाच्या तळहातांना आणि पाठीला रोज जाणवत असतो, आणि म्हणून गाडी चालवण्यातील आनंदाचा विचार करताना हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. ताकद पुढच्या चाकांना मिळत असेल तर गाडी ‘फ्रंट-व्हील ड्राइव्ह’, मागच्या चाकांना मिळत असेल तर ‘रिअर-व्हील ड्राइव्ह’; आणि जिला वेगळी डिकी नसून मागचा दरवाजा काचेसकट वर उघडतो ती हॅचबॅक. अशा आटोपशीर, घरगुती गाडीत थोराड इंजिन, घट्ट सस्पेन्शन आणि मोठे ब्रेक बसवले की तिला परफॉर्मन्स हॅचबॅक म्हणतात. या जातीचा इतिहास जवळजवळ पूर्णपणे पुढच्या चाकांचा इतिहास आहे, कारण १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांच्या मिनीने इंजिन आडवे बसवून छोट्या गाडीत जागा कशी वाचवायची हे दाखवून दिले, आणि १९७५ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने त्याच मांडणीला वेगाची जोड दिली. मागच्या चाकांवर धावणाऱ्या वेगवान हॅचबॅक बोटांवर मोजण्याइतक्याच झाल्या. १९७९ मध्ये बाजारात आलेल्या टॅल्बट सनबीम लोटसने १९८१ साली टॅल्बटला जागतिक रॅलीत निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळवून दिले. त्यानंतर बऱ्याच काळाने, २००४ साली, बीएमडब्ल्यूने ‘वन सिरीज’ काढली आणि २०१२ मध्ये तिच्याच पुढच्या पिढीत एम१३५आय हे रूप आणले, ज्यात तीन लिटरचे, एका रांगेत सहा सिलिंडरांचे, टर्बो बसवलेले ३२० अश्वशक्तीचे इंजिन होते. २०१६ मध्ये एम१४०आय या नावाने ते ३४० अश्वशक्तीपर्यंत गेले आणि २०१९ साली कंपनीने या गाडीची मांडणीच बदलून इंजिन आडवे केले, तेव्हा ही परंपरा पेट्रोलच्या गाड्यांपुरती संपली.

या विषयाची चर्चा शीव कोळीवाड्यात बसवण्याचे कारण भूगोलात आहे. शीव स्थानकानंतरचे स्थानक कुर्ला. आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्याचा. १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट, जिचे नाव १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाले, ती रिअर-व्हील ड्राइव्ह होती आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती या शहराच्या रस्त्यांवर जवळजवळ साठ वर्षे धावली. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. म्हणजे मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी हे मुंबईकराला युरोपातून आलेले नवल नाही. त्याच्या दोन पिढ्या तिच्या मागच्या बाकावर बसून कामाला गेल्या आहेत. दोन्ही बाजू नीट मांडता याव्यात म्हणून पुढील विवेचन दोन कल्पित व्यक्तिरेखांच्या तोंडी घातले आहे. एक, शीव कोळीवाड्यातील मूळ कोळी घराण्यातले आणि टॅक्सीदुरुस्तीत आयुष्य घालवलेले मिस्त्री. दुसरी, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून यंत्र अभियांत्रिकी शिकलेली त्यांची भाची. मागच्या चाकांचे कौतुक भाचीला आहे आणि आयुष्यभर तीच चाके उघडून बसवणाऱ्या मामांना ते मान्य नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते, कारण सामान्य अपेक्षा याच्या उलट असते.

मामांचा पहिला आक्षेप असा, की मागच्या चाकांना ताकद देणे ही आवडीने केलेली निवड कधीच नव्हती. “बाय, पद्मिनीचे इंजिन पुढे आणि चाके ढकलायची मागची, म्हणून मधे तो लांब शाफ्ट आला. तो शाफ्ट जावा म्हणून गाडीच्या पोटातून उंचवटा आला आणि त्या उंचवट्यावर पाय आखडून बसणारा मधला प्रवासी आला. या सगळ्यात आनंद कुठे आहे?” हा आक्षेप वरवरचा नाही. १०८९ सीसीचे आणि चाळीसेक अश्वशक्तीचे इंजिन, त्याच्यामागे गिअरबॉक्स, तिथून निघालेला प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियल, म्हणजे वळणात आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरची पेटी, असा ताकदीचा लांबचा प्रवास या गाडीत होता. शाफ्टला मागच्या ॲक्सलबरोबर वरखाली होता यावे म्हणून त्यात अधिक चिन्हाच्या आकाराचा एक छोटा पोलादी तुकडा असतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘क्रॉस’ म्हणतात. त्याच्या चारही टोकांवर टोप्या आणि टोप्यांच्या आत सुईसारख्या बारीक रोलरांची बेअरिंग असतात. पावसाचे पाणी आत शिरून ग्रीस धुतले गेले की या सुया क्रॉसच्या टोकांवर चर पाडतात, आणि मग पहिल्या गिअरमधून रिव्हर्समध्ये जाताना गाडीच्या पोटातून ‘टक्’ असा एकच आवाज येतो. जाणकार मिस्त्री त्या आवाजावरून क्रॉस गेला की क्राउन-पिनियनमध्ये ढिलाई आली हे गाडीखाली न जाताही सांगू शकतो. मामांच्या दृष्टीने मागच्या चाकांची गाडी म्हणजे हा आवाज, पाट्यांवर उडणारा मागचा जड ॲक्सल आणि रिकाम्या गाडीने ओल्या रस्त्यावर खाल्लेला झोका.

भाची यातील एकही गोष्ट नाकारत नाही. तिचा मुद्दा निराळा आहे, आणि तो मांडताना ती माहेश्वरी उद्यानाचे, म्हणजे किंग्ज सर्कलचे, उदाहरण घेते. त्या वर्तुळाभोवती एका संथ गतीने फिरणाऱ्या गाडीच्या पुढच्या टायरांना गाडी आत वळवत ठेवण्यासाठी रस्त्यावर आडवा जोर लावावा लागतो. टायरची एकूण पकड मर्यादित असते आणि ती पुढे ओढण्यात व बाजूला वळवण्यात वाटली जाते. हे वाटप साध्या बेरजेने होत नाही, काटकोन त्रिकोणाच्या नियमाने होते, म्हणून शंभर एककांच्या पकडीपैकी साठ एकके ओढण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी ऐंशी उरतात, आणि ऐंशी खर्च झाली तर साठच उरतात. अभियंते याला पकडीचे वर्तुळ म्हणतात. “मामा, पुढच्या चाकांच्या गाडीत त्या वर्तुळात फिरताना तुम्ही रेस दिलीत, तर वळवणाऱ्या टायरांनाच ओढण्याचेही काम लागते, म्हणून नाक बाहेर सरकू लागते आणि स्टीअरिंग अजून फिरवावे लागते. मागच्या चाकांच्या गाडीत पुढच्या टायरांकडे एकच काम राहते. तुम्ही पाय दाबता तेव्हा गाडी मागून ढकलली जाते, आणि हातात जे जाणवते ते फक्त रस्त्याचे असते, इंजिनाचे नसते.” नाक बाहेर सरकण्याला अंडरस्टिअर म्हणतात, पायाच्या जोराने मागचा भाग बाहेर सरकून गाडी हव्याहून अधिक आत वळण्याला ओव्हरस्टिअर. भाचीच्या मते मागच्या चाकांच्या गाडीचे सुख ओव्हरस्टिअरमध्ये नाही. ते या दोन टोकांमधल्या पट्ट्यात आहे, जिथे हात आणि पाय मिळून गाडीची दिशा ठरवतात आणि पाय किंचित उचलला किंवा दाबला तरी वळणाची रेषा बोटभर बदलते.

इथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण या गाड्यांचे गुणगान करणारे ती सहसा वगळतात. बहुतेक सर्व कारखाने, मागच्या चाकांची गाडी बनवणारेसुद्धा, सस्पेन्शनची जुळणी अशीच करतात की मर्यादा ओलांडली जाताना आधी नाकच बाहेर जावे, कारण घाबरलेला चालक आपोआप पाय उचलतो, आणि ती कृती अंडरस्टिअरवर उपाय ठरते, तर ओव्हरस्टिअरमध्ये गाडी फिरून उलटी होण्याची भीती असते. एम१३५आयला तर कारखान्यातून मर्यादित घसरणीचा डिफरन्शियल, म्हणजे एक चाक सुटून फिरू लागले की ताकद दुसऱ्याकडे वळवणारी पेटी, मिळतच नसे. ते काम चाकाचा ब्रेक आपोआप दाबून करून घेतले जाई. तरीही भाचीने सांगितलेला मधला पट्टा त्या गाडीत होता, आणि तो वेगाच्या शिखरावर गेल्याशिवाय सापडत नाही असे नाही. साध्या चौकात, दुसऱ्या गिअरमध्ये वळण संपताना पाय दाबला, तरी तो हातांना कळतो. या संपूर्ण वादात भाचीची बाजू इथे सर्वांत भक्कम आहे.

मामा मात्र कुर्ल्यातूनच उत्तर आणतात. पद्मिनीचे शहर तेच, पण २००१ साली फियाटने कुर्ल्यातून पालिओ बाहेर काढली, आणि तिच्या १.६ लिटरच्या, सोळा व्हॉल्व्हच्या, सुमारे १०० अश्वशक्तीच्या रूपाने त्या काळच्या तरुणांना वेड लावले; जाहिरातीत सचिन तेंडुलकर होते. ही गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह होती. “तिचे स्टीअरिंग हातात घेतलेल्या माणसाला मागची चाके आठवली नाहीत. गाडी रोडला चिकटून चालायची, दार बंद केले की जाड पत्र्याचा आवाज यायचा, आणि पिकअप असा की लोणावळ्याहून परत येताना माणूस मुद्दाम जुन्या घाटाने उतरायचा. सुख गाडीच्या वजनात आणि तिच्या बांधणीत असते, बाय. चाके पुढची की मागची हा हिशेब नंतरचा.” या उत्तरात तथ्य आहे आणि भाचीला ते मान्य करावे लागते. शंभर अश्वशक्तीपर्यंत पुढच्या चाकांना दोन्ही कामे झेपतात. प्रश्न ताकद वाढल्यावर उभा राहतो. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दोन दांड्यांची लांबी सारखी नसेल, किंवा दोन्ही टायरांखालचा रस्ता सारखा नसेल, तर पूर्ण रेस दिल्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढले जाते. याला टॉर्क स्टिअर म्हणतात, आणि अडीचशे-तीनशे अश्वशक्तीच्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत तो आवरण्यासाठी कारखान्यांना सस्पेन्शनचे वेगळे सांधे आणि खास डिफरन्शियल बसवावे लागतात. म्हणजे मागच्या चाकांचे महत्त्व ताकदीच्या प्रमाणात वाढते, आणि ‘परफॉर्मन्स’ हा शब्द वगळला तर भाचीचा अर्धा युक्तिवाद गळून पडतो.

याच ठिकाणी मामांनी आपल्या घरातला दाखला दिला, तो या चर्चेत खोलवर जातो. होडीत वल्हवणारे वेगळे आणि सुकाणू धरणारा वेगळा असतो, पण कामे वाटली म्हणून होडी सरळ जात नाही. वल्ह्यांचा जोर कधी वाढला हे सुकाणूवाल्याला आधी कळावे लागते. भाचीची मांडणी पुढच्या आणि मागच्या चाकांत काम वाटण्याची आहे. पण ते वाटप उपयोगी तेव्हाच, जेव्हा एकाच माणसाचा हात आणि पाय एकमेकांची खबर ठेवतात. पुढच्या चाकांची गाडी अकुशल चालकाला सांभाळून घेते. मागच्या चाकांची ताकदवान गाडी त्याच्याकडे शिकण्याची मागणी करते. मामांना ही मागणी धोक्याची वाटते. भाचीला तिच्यातच आकर्षणाचे मूळ दिसते, कारण जी गाडी चालकाचे कौशल्य वाढले की निराळी वागते, तिच्याशी वर्षानुवर्षे नाते राहते. या दोन मतांत तडजोड शोधण्याचे कारण नाही. ही एकाच वस्तुस्थितीची दोन मूल्यमापने आहेत.

पावसाचा मुद्दा मात्र मतांचा नाही, गणिताचा आहे, आणि तो थोडा सविस्तर पाहणे फलदायी ठरते. गाडी वेग घेते तेव्हा तिचे वजन मागे झुकते. मागे जाणारा हा भार गाडीचे वजन, प्रवेग आणि गुरुत्वमध्याची उंची यांच्या गुणाकाराला पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराने भागले की मिळतो. वन सिरीजच्या दुसऱ्या पिढीत हे अंतर २.६९ मीटर होते. वजन १४५० किलो आणि गुरुत्वमध्याची उंची अर्धा मीटर धरली, तर गुरुत्वीय प्रवेगाच्या निम्म्याने वेग घेताना सुमारे १३५ किलो भार मागे जातो. वजन पुढे-मागे सारखे वाटलेले असेल, तर ७२५ किलो पेलणारी मागची चाके त्या क्षणी ८६० किलो पेलतात, आणि ज्या चाकांवर भार अधिक त्यांची पकडही अधिक. म्हणून कोरड्या रस्त्यावर मागून ढकलणे भौतिकशास्त्राच्या बाजूचे असते. घर्षणाचा गुणांक, म्हणजे टायरची पकड आणि तिच्यावरचा भार यांचे गुणोत्तर, कोरड्या डांबरावर एक धरला, तर अशी गाडी गुरुत्वीय प्रवेगाच्या सुमारे ०.६१ पट प्रवेग घेऊ शकते. तेवढ्याच मापांची पण बासष्ट टक्के वजन पुढे असलेली फ्रंट-व्हील गाडी ०.५२ पटीवर थांबते.

मामांनी नेमके इथेच बोट ठेवले. “हे कोरड्या रस्त्याचे झाले. जूनच्या पहिल्या सरीत, डांबरावर साचलेले तेल वर येते तेव्हाचे सांग.” भाचीने तोच हिशेब ०.३ गुणांक धरून केला, आणि पारडे फिरले. रस्ता निसरडा असला की प्रवेगच कमी मिळतो, प्रवेग कमी म्हणून भार फारसा मागे जात नाही, आणि मग ज्या चाकांवर मुळात वजन अधिक ती जिंकतात: मागच्या चाकांची गाडी ०.१६, पुढच्या चाकांची ०.१८. दोघी बरोबरीत येतात तो गुणांक ०.५८च्या आसपास पडतो. टॅक्सीवाल्यांना हे सूत्र ठाऊक नसले तरी त्याचा अनुभव होता. मागे तीन प्रवासी आणि डिकीत सामान असलेली पद्मिनी बोरघाट निमूट चढे, कारण चढावर आणि भारामुळे वजन मागेच असे, आणि तीच गाडी रिकामी असताना पावसात वळणावर जपून न्यावी लागे. मुंबईत वर्षाचे चार महिने रस्ते ओले असतात. किंग्ज सर्कल आणि शीवचा रस्ता क्रमांक २४ यांच्यावर पाणी तुंबल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. या शहरात रोज कामावर नेण्याच्या गाडीचा प्रश्न असेल, तर निकाल मामांच्या बाजूने द्यावा लागतो, आणि तो आढेवेढे न घेता द्यावा.

यानंतर मामांनी मांडलेला पुरावा सर्वांत अवघड आहे. २०१० साली बीएमडब्ल्यूचे तेव्हाचे प्रमुख नॉर्बर्ट राइटहोफर यांनी जाहीरपणे सांगितले होते, की कंपनीच्या पाहणीत वन सिरीजच्या ऐंशी टक्के मालकांना आपली गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे असेच वाटत होते. पुढे २०१९ साली मांडणी बदलली तेव्हा बदलाचे समर्थन मागच्या बाकावरच्या आणि सामानाच्या जागेने केले गेले. “ज्यांनी पैसे मोजले त्यांनाच जर कळत नव्हते, तर हे सुख नक्की कोणाला मिळत होते?” भाचीच्या उत्तराचे दोन भाग आहेत आणि ते सारख्या ताकदीचे नाहीत. पहिला भाग असा, की कारण ठाऊक नसले म्हणून परिणाम जाणवत नाही असे होत नाही. स्टीअरिंग स्वच्छ वाटते म्हणून गाडी घेणाऱ्याला त्या स्वच्छतेचे कारण सांगता आलेच पाहिजे, ही अट अवाजवी आहे. हा भाग पटण्याजोगा आहे. दुसरा भाग असा, की त्या मालकांतले बहुतेक कमी ताकदीच्या गाड्यांचे मालक होते. हे तर्काला धरून असले तरी त्याने भाचीचीच बाजू आकसते, कारण भारतात २०१३ साली चेन्नईत जुळणी होऊन जी वन सिरीज विकली गेली, ती ११६आय आणि १४३ अश्वशक्तीची डिझेल ११८डी होती; सहा सिलिंडरांची एम१३५आय इथे अधिकृतपणे आलीच नाही. म्हणजे ज्या गाडीत मागच्या चाकांचे वैशिष्ट्य पुरेपूर उमलले, ती मराठी मुलखाच्या रस्त्यांवर जवळजवळ कोणी चालवलेली नाही, आणि जी चालवली गेली तिच्यात ते अर्धेच होते. ते अर्धे मात्र खरे होते. ताकद मागच्या चाकांना जात असल्यामुळे ११८डीच्या पुढच्या चाकांमध्ये ताकद नेणारे सांधे नव्हते, त्यामुळे चाकांना अधिक कोन देता येई, आणि गल्लीत गाडी एका दमात वळवण्याची पद्मिनीची सवय तिच्यात चालू राहिली. मामांना हे एवढे एक कौतुक मनापासून पटले, कारण टॅक्सीच्या धंद्यात भाडे हाक मारते ते नेहमी रस्त्याच्या पलीकडून.

कायद्याचा प्रश्न मामा अधिक गांभीर्याने मांडतात. मोटार वाहन अधिनियम १९८८च्या कलम १८४नुसार धोकादायक पद्धतीने गाडी चालवणे आणि कलम १८९नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हे गुन्हे आहेत, आणि मागचा भाग मुद्दाम सरकवून दाखवण्याचा सोस रात्रीच्या मोकळ्या रस्त्यांवर जीव घेतो. भाची या बाबतीत मामांहून कडक आहे. तिच्या मते मागचा भाग सरकवणे हे मागच्या चाकांच्या गाडीचे वैशिष्ट्य म्हणून विकले गेले, आणि त्याने या मांडणीचे जितके नुकसान केले तितके पुढच्या चाकांच्या गाड्यांनीही केले नाही. आणिक आगारापासून पूर्व मुक्त मार्गाला लागताना जे वळण येते, त्यावर वेगमर्यादेत राहूनही नाक अचूक वळते आणि पाठीला मागून हलका रेटा जाणवतो, तेवढ्यात तिचे समाधान आहे. हे समाधान कोणाला क्षुल्लक वाटेल. पण दिवसाचे दोन-दोन तास स्टीअरिंगमागे काढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हातात येणारी संवेदना स्वच्छ असणे ही क्षुल्लक बाब नाही. लिहिण्याच्या पेनाबद्दल किंवा स्वयंपाकाच्या सुरीबद्दल माणूस जेवढा चोखंदळ असतो, तेवढे तरी त्याने गाडीबद्दल असायला हवे, आणि आपल्याकडील गाड्यांच्या चर्चेत मायलेज, टचस्क्रीन आणि सनरूफ यांच्या गर्दीत हा चोखंदळपणा हरवला आहे, याची खंत वाटावी अशी स्थिती आहे.

वादाला नवे वळण विजेच्या गाड्यांनी दिले आहे, आणि ते महाराष्ट्रातच दिले आहे. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई ६, जी नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली, ती मागच्या चाकांवर चालते आणि तिच्या थोरल्या रूपाची ताकद २८६ अश्वशक्ती आहे. २०२३ मध्ये आलेली एमजी कॉमेट ही चिमुकली गाडीसुद्धा मागच्याच चाकांची आहे. विजेची मोटर सरळ मागच्या ॲक्सलवर बसते, त्यामुळे शाफ्ट नाही, क्रॉस नाही, पोटातला उंचवटा नाही. मामांचे सारे यांत्रिक आक्षेप एका फटक्यात निकालात निघतात. त्याहूनही मागे गेले तर, २३ मार्च २००९ रोजी मुंबईत बाजारात आणलेल्या टाटा नॅनोचे ६२४ सीसीचे इंजिन मागेच होते आणि चाकेही मागचीच चालत. काटकसरीसाठी निवडलेली ती मांडणी आज महागड्या गाड्यांचे भूषण झाली आहे. मामांनी हे सर्व मान्य केले आणि तरी मान डोलावली नाही. बॅटरीचे वजन शेकडो किलोंत जाते, आणि त्यांच्या मते पालिओत जे सुख होते ते बेताच्या वजनातून आले होते. जड गाडी मागून ढकला की पुढून ओढा, वळणावर ती आपले वजन दाखवणारच. भाचीच्या जवळ याला पुरते उत्तर नाही. बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली जातो हे खरे. पण टायरला वजन वळवावेच लागते आणि गुरुत्वमध्य खाली गेल्याने वजन घटत नाही.

म्हणून अखेरीस दोघे एका न बनलेल्या गाडीच्या अटी ठरवू लागले, आणि बहुतेक अटींवर त्यांचे जमले. गाडी हॅचबॅक हवी, वजन बाराशे किलोच्या आत हवे, मोटर मागे हवी, ताकद दीडशे अश्वशक्ती पुरे, टायर बेताच्या रुंदीचे हवेत म्हणजे कायद्यातल्या वेगातही ते काही सांगू शकतील, आणि बॅटरी लहान चालेल, कारण शीवहून लोणावळ्याला जाऊन परत येण्याइतकी धाव पुरेशी आहे. हवा गेली तरी काही अंतर धावणारे ताठ भिंतींचे टायर, जे बीएमडब्ल्यूने लावले आणि ज्यांनी खड्ड्यांत गाडीचा कणा खिळखिळा करून टाकला, ते नकोत. मामांना स्टेपनी हवी आहे आणि ती मिळेपर्यंत ते या गाडीला गाडी मानायला तयार नाहीत. एका अटीवर मात्र एकमत झाले नाही. गाडी घसरू लागली की चाकांचे ब्रेक आपोआप दाबून तिला सावरणारी जी स्थैर्यप्रणाली असते, ती पूर्ण बंद करण्याचे बटण चालकाला मिळावे असे भाची म्हणते, कारण बंद केल्याशिवाय गाडीचा खरा स्वभाव कळत नाही. मामांनी पावसात झोका खाल्लेल्या इतक्या गाड्या सरळ करून दिल्या आहेत, की ते बटण शर्यतीच्या बंद ट्रॅकवरच चालावे आणि रस्त्यावर त्याला हात लावता येऊ नये असे त्यांचे ठाम मत आहे. कोरड्या रस्त्याचे गणित कितीही भाचीच्या बाजूचे असले, तरी ०.५८च्या खालच्या रस्त्यावर ते बटण कोणाच्याही हाती देणे समर्थनीय ठरत नाही, आणि जून ते सप्टेंबर या शहरातील रस्ता त्या आकड्याच्या खाली केव्हा जाईल हे आधी सांगता येत नाही.